पक्षी, पारधी आणि सलीम अली

१२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूर संस्थानच्या तलावांवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत बदकांची शिकार झाली. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, आणि हा पराक्रम पुढील पिढ्यांना कळावा म्हणून तो आकडा दगडावर कोरून ठेवण्यात आला. योगायोग असा की, त्याच दिवशी सलीम अली यांनी वयाची बेचाळीस वर्षे पूर्ण केली. पुढे हेच तलाव पाखरांचे अभयारण्य व्हावेत म्हणून ज्यांनी आपले वजन खर्ची घातले, त्या माणसाच्या हातातही लहानपणी प्रथम आली ती दुर्बीण नव्हे, बंदूकच. ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. किंबहुना त्यांच्या आयुष्याचा अर्थ तेथूनच लागतो.

सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. वडिलांचे छत्र वर्षाच्या आत आणि आईचे तिसऱ्या वर्षी हरपले. खेतवाडीतील मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी या पोरक्या भाचरांना वाढविले. मामा नामांकित शिकारी होते. त्यांनी दिलेल्या छोट्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा घरातील मुलांचा नित्याचा खेळ होता. दहा-बारा वर्षांच्या सलीमने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा हे पाखरू खाणे धर्माला मान्य आहे की नाही, असा प्रश्न निघाला. मामांना उत्तर देता येईना. त्यांनी मुलाच्या हाती चिठ्ठी दिली आणि त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे ओळखले, भुसा भरून जतन केलेल्या पक्ष्यांची कपाटे त्या मुलासमोर उघडली आणि वाचावयास पुस्तके दिली. मारलेल्या पाखराविषयी कुतूहल वाटले आणि त्या कुतूहलाला दार उघडून देणारा माणूस भेटला, एवढ्या दोन गोष्टींनी एका आयुष्याची दिशा ठरली.

ती दिशा मात्र पोट भरण्याची नव्हती. प्रकृतीच्या तक्रारींमुळे शिक्षण रखडले. मॅट्रिक झाल्यावर ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायात त्यांनी काही वर्षे घालविली. पण हिशेबाच्या वहीपेक्षा भोवतालच्या जंगलाकडेच त्यांचे लक्ष अधिक राहिले. मुंबईस परतल्यावर पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा त्यांना मिळू शकली नाही, कारण विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध पद्धती शिकून १९३० मध्ये परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. शिकून आलेल्या माणसाच्या वाट्याला बेकारी आली.

खर्च झेपत नाही म्हणून पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेली. तेथे घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास तिच्यासमोर बसून नोंदी करू लागले. आपल्या भाषेने या पक्ष्याला गृहिणीचे नाव दिले असले, तरी खोपा विणतो तो नर. तो अर्धवट खोपा घेऊन मादीची वाट पाहतो, तिने पसंत केला तर तो पुरा करतो आणि ती अंड्यांवर बसली की दुसरा खोपा विणावयास घेऊन दुसरी मादी शोधतो. हा सारा क्रम त्यांनी टिपला आणि १९३१ साली तो प्रसिद्ध झाल्यावर जाणकारांत त्यांचे नाव झाले. नोकरी गेली नसती, तर हा अभ्यास बहुधा झालाच नसता.

यानंतर त्यांनी संस्थानिकांपुढे एक विलक्षण प्रस्ताव ठेवला. तळाचा व प्रवासाचा खर्च संस्थानाने करावा. पक्ष्यांच्या पाहणीचे काम आपण वेतनाशिवाय करू. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांच्या रानावनांतून वर्षानुवर्षे तंबूत राहून, बैलगाडीने व पायी हिंडून त्यांनी पाखरांची गणती केली. पत्नी तहमिना तळावर सोबत असत. १९३९ साली त्या निवर्तल्या, आणि सलीम अलींनी उरलेले आयुष्य या एकाच कामाला वाहून टाकले. १९३७ मध्ये ते अफगाणिस्तानात हिंडले होते. १९४५ मध्ये कैलास-मानसरोवराची वाट त्यांनी तुडविली, तीही देवदर्शनापेक्षा पाखरांच्या ओढीने. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला.

या सर्व भ्रमंतीत बंदूक त्यांच्याबरोबर होती. अभ्यासासाठी नमुने गोळा करताना पक्षी मारावे लागतात, हे त्यांनी कधी लपविले नाही. निरर्थक हत्येचा त्यांना तिटकारा होता. पण केवळ भाबड्या भूतदयेने पाखरे वाचतील, असेही त्यांनी मानले नाही. ज्याला पक्षी कोठे उतरतो, केव्हा चरतो, कोणत्या वाऱ्याला उडतो हे ठाऊक आहे, तोच त्याला मारू शकतो आणि तोच त्याला वाचवूही शकतो.

याचा प्रत्यय भरतपूरलाच आला. १९६० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी पाखरे जिवंत पकडावयाची, पायात क्रमांकाचे कडे घालावयाचे आणि सोडून द्यावयाची, असे ते काम होते. परंतु पाखरू इजा न होता पकडणार कोण? त्यासाठी बिहारमधील मीरशिकार बोलावण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरून विकणे हाच त्यांचा धंदा. जाळे कोठे ताणावे, फास कोठे मांडावा, कोणत्या पाखराला कशा शिळेने जवळ आणावे, ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात शिकविली जात नव्हती. त्यांनी धरलेल्या आणि कडी घालून सोडलेल्या पक्ष्यांपैकी काही पुढे सायबेरियात सापडले, तेव्हा या पाहुण्यांचे माहेर कोठे आहे, याचा पुरावा हाती आला. मीरशिकारांची नावे ग्रंथांच्या मुखपृष्ठावर आली नाहीत. तथापि त्यांच्या हातांवाचून ते ज्ञान जन्मास आले नसते. मारण्याची विद्या तीच राहिली. तिला वेतन आणि हेतू मिळताच ती राखण्याची विद्या झाली.

मात्र याच भरतपूरने एक दुसरा धडाही दिला, आणि तो सलीम अलींच्या चरित्रातून वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९८२ साली तेथे म्हशींच्या चराईवर बंदी आली. तिच्या बाजूने मत देणाऱ्यांत सलीम अलीही होते. बंदीविरुद्ध उठलेल्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात माणसे प्राणास मुकली. पुढे सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासात आढळून आले की, म्हशी गेल्याने पाण्यातील गवत बेसुमार माजले, तलाव कोंदले आणि पाखरांना उघडे पाणी कमी पडू लागले. गुराख्याला जे व्यवहाराने कळत होते, ते शास्त्राला उशिरा कळले. मीरशिकाराच्या विद्येला ज्या माणसाने मोल दिले, त्यालाच गुराख्याच्या विद्येचे मोल वेळीच कळू नये, यात थोरवीची मर्यादा दिसते. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले, आणि २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कमही त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामालाच देऊन टाकली होती.

महाराष्ट्राने या चरित्रातून काय घ्यावे? आपल्याकडे मीरशिकारांचे भाईबंद शोभावेत असे फासेपारधी आहेत. लावे आणि तितर फाशात धरणे हा त्यांचा परंपरागत उद्योग. त्यांचे नावच त्यावरून पडले. इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्याच्या धोरणाने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो पुसला गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते योग्यच झाले. पण बंदी घालताना त्या हातांना दुसरे काम देण्याची जबाबदारी कायद्याने घेतली नाही. ज्या विद्येला उत्पन्न उरत नाही, ती एक तर चोरून चालते, नाही तर मरून जाते. दोन्हींत समाजाचे नुकसानच आहे.

आणि पाखरांचे काय? ठाण्याच्या खाडीतील रोहितांसाठी २०१५ साली अभयारण्य झाले, २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय पाणथळाचा दर्जाही मिळाला. तेथून फार दूर नसलेल्या भिवंडी तालुक्यात, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांत, जेथे भाताची खाचरे होती तेथे गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. शेतकऱ्याने जमीन विकली किंवा भाड्याने दिली, यात त्याचा दोष नाही. भातापेक्षा भाडे अधिक मिळते, हा साधा हिशेब आहे. पण खाचराच्या ओलीवर किडे टिपावयास हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा धोबी पक्षी त्या हिशेबात कोणत्याच रकान्यात बसत नाही. फास मांडणाऱ्याला तुरुंग आहे; भराव घालणाऱ्याला त्या पाखराचा जाब विचारणारे कोणी नाही. वास्तविक फाशात एक पाखरू सापडते, भरावाखाली त्याचे ठिकाणच जाते.

पाखरू टिपणाऱ्या मुलाला मिलार्ड यांनी शिक्षा केली नाही, कपाटे उघडून दाखविली. आपल्या शाळा-महाविद्यालयांनी, वनखात्याने आणि नियोजनकारांनी एवढे जरी केले, रानाची माहिती असलेल्या माणसाला आरोपी न समजता जाणकार म्हणून वेतनावर बोलाविले, पाणथळाचा निर्णय घेण्यापूर्वी गुराख्याला आणि पारध्याला विचारले, तरी सलीम अलींचे स्मरण सार्थ होईल. भरतपूरच्या दगडावर मेलेल्या पाखरांचा आकडा आहे. जिवंत पाखरांचा आकडा कोठेतरी वाढता राहावयाचा असेल, तर तो मोजू शकणारे डोळे आपल्याला आधी जगवावे लागतील.