ओल्ड डॉकची खातेवही

अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात अभ्यासाने पोरांच्या प्रकृती ढासळत होत्या. काहींना शिक्षण अर्धवट सोडावं लागे. अध्यक्ष स्टर्न्स यांनी व्यायामशाळा उभारली, तर पहिला व्यायामशिक्षकच आजारी पडला! १८६१ मध्ये ते काम डॉ. एडवर्ड हिचकॉक यांच्याकडे आलं.

त्यांनी निवडक पैलवान घडवले नाहीत. अख्ख्या वर्गाच्या हाती लाकडी डंबेल्स देऊन पियानोच्या तालावर व्यायाम करवला. प्रत्येकाची उंची, वजन, छाती मोजून वर्षानुवर्षं नोंदली. जन्म खातेवह्यांत गेलेल्या मला या नोंदींचं भारी अप्रूप! किडकिडीत पोरालाही त्यांत जागा होती.

पोरं प्रेमाने त्यांना ‘ओल्ड डॉक’ म्हणत. १९११ मध्ये ब्याऐंशीव्या वर्षी ते गेले, तोवर जवळपास पन्नास वर्षं हेच काम. आम्ही साठीलाच नारळ घेऊन घरी बसलो.