साष्टीचे ओवीकार : फादर थॉमस स्टीफन्स

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या तीरी गंगाखेड हे गाव आहे. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून ते सर्वत्र विख्यात आहे. नामदेवांचे म्हणून प्रसिद्ध असलेले नरसी हे गावही १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात मोडत असे. दळिता-कांडिता देवाचे नाव घ्यावे, आणि ते ओवीत किंवा अभंगात घ्यावे, ही या भूमीची जुनी रीत होय. विद्यार्थी मित्रांस हे ठाऊक असतेच. परंतु हीच ओवी चारशे वर्षांपूर्वी एका आंग्ल धर्मगुरूने आपलीशी केली, आणि ती गोव्यातील ख्रिस्तमंदिरांत रविवारी व सणावारी गाइली जाऊ लागली, ही हकीकत फारच थोड्यांच्या कानी आलेली असते. त्या धर्मगुरूंचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. तो काळ तेथील कॅथॉलिक लोकांस मोठा कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत जुन्या पद्धतीची मिस्सा करणे हा गुन्हा ठरला होता, आणि धर्मनिष्ठ कुटुंबांस आपली उपासना बंद दाराआड करावी लागे. तरुण थॉमसचा एक जिवलग स्नेही होता, त्याचे नाव थॉमस पाऊंड. हा पाऊंड धनवान असून पूर्वी राजदरबारी वावरलेला होता. दोघेही येशूसंघात प्रवेश करण्याच्या इराद्याने रोमला जाण्याची तयारी करू लागले. आणि संशय येऊ नये म्हणून थॉमसने आपल्या मित्राच्या चाकराचा वेष घेऊन कित्येक दिवस त्याच्यासह प्रवास केला. परंतु निघण्यापूर्वीच पाऊंड पकडला गेला, आणि पुढे त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. थॉमस मात्र एकटाच रोमला पोहोचला व १५७५ साली येशूसंघात दाखल झाला. ज्यास स्वतःच्या गावी मोकळेपणाने उपासना करावयास मिळाली नाही, त्याच्याच हातून परक्या मुलखातील हजारो लोकांच्या उपासनेस वाणी मिळावयाची होती.

रोम येथे अभ्यास चालू असता त्यांनी हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मागितली. ती मिळताच ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच गलबतांचा तांडा निघाला, त्यात ते होते. गलबतात दाटी फार, पाणी तुटपुंजे आणि अन्न शिळे. वाटेत दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व त्यांपैकी २७ जण दगावले. साडेसहा महिन्यांनंतर २४ ऑक्टोबर रोजी गलबत गोव्यास लागले. पोहोचल्यावर पंधरवडा-तीन आठवड्यांतच त्यांनी आपल्या वडिलांस या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. वारे, समुद्रातील प्रवाह, होकायंत्र, मासे व पक्षी यांचे त्यात केलेले वर्णन इतके नेटके होते, की पुढे ते इंग्लंडात छापले गेले. हिंदुस्थानात राहून कार्य करणारे पहिले इंग्रज म्हणून इतिहासात त्यांचेच नाव घेतले जाते. १५८३ साली राल्फ फिच, जॉन न्यूबेरी प्रभृती इंग्रज व्यापारी हेर समजून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांस जामिनावर सोडविण्याच्या कामी फादर स्टीफन्स यांनी पुष्कळ खटपट केली.

गोव्याच्या दक्षिण भागात साष्टी नावाचा तालुका आहे. मुंबईजवळही साष्टी बेट असल्यामुळे कित्येकांचा घोटाळा होतो. ही साष्टी मडगाव व राशोलची. येथेच फादर स्टीफन्स यांनी आपल्या आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे घालविली. त्या प्रांताची तेव्हाची स्थिती सांगितल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. पोर्तुगीज सत्तेने १५६७ सालच्या सुमारास साष्टीतील देवळे पाडून टाकिली होती. जुने ग्रंथ बाळगण्यास व वाचण्यास बंदी होती. पुढे १५८३ साली कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांस ठार मारिले, आणि त्याचा सूड म्हणून सरकारने गावच्या पुढाऱ्यांस विश्वासाने बोलावून ठार केले. असा तो काळ होता. ज्यांनी नवा धर्म स्वीकारला, त्यांच्या घरातून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली पुराणे नाहीशी झाली, पण त्यांच्या जागी मनात घोळावे असे काहीच आले नव्हते. ज्या राज्यसत्तेने हे सारे काढून घेतले तिच्याच आश्रयाने फादर स्टीफन्स आले होते, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. त्यांचा विशेष असा, की लोकांची ही उणीव त्यांनी ओळखली व ती भरून काढणे आपले कर्तव्य मानिले.

धर्मग्रामाचा आठवडा त्या वेळी कसा जात असे, हेही पाहण्यासारखे आहे. गावोगावी ख्रिस्तमंदिराला जोडून शाळा असे. तेथे मुलांस वाचन, लेखन व गायन शिकवीत. धर्मतत्त्वे, आज्ञा व प्रार्थना चालीवर म्हणवून घेत, आणि मुलांनी त्या घरी जाऊन वडीलधाऱ्यांस शिकवाव्या अशी पद्धत होती. सण, उत्सव व मृतांचे अंत्यविधी यांची व्यवस्था श्रद्धावंतांची बंधुमंडळे पाहत. रविवारी सर्व गाव मिस्सेसाठी एकत्र येई. परंतु मिस्सा लॅटिन भाषेत होई. घंटा वाजे, धूप जळे, लोक गुडघे टेकीत, पण वेदीवरील शब्द बहुतेकांस कळत नसत. मिस्सेनंतरचे धर्मशिक्षण एवढाच काय तो लोकांच्या भाषेचा वेळ. आणि तेथेही प्रश्न व उत्तरे यांपलीकडे रसाळ असे काही नव्हते.

फादर स्टीफन्स यांनी प्रथम भाषा हस्तगत केली. गोव्यात बोलण्याची भाषा कोंकणी, पण पुराण, काव्य व कथाकीर्तन यांची भाषा मराठी. दोन्हींत ते निष्णात झाले. केवळ कामापुरते शब्द शिकून ते थांबले नाहीत. १५८३ साली आपल्या भावास धाडलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांच्या रचनेचे ग्रीक व लॅटिन भाषांशी साम्य असल्याचे नमूद केले. हीच गोष्ट सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास १७८६ साली मांडिली व तेव्हापासून ती विद्वानांत मान्य झाली. म्हणजे त्यापूर्वी दोनशे वर्षे साष्टीतील एका पाद्र्याच्या ध्यानी ती आली होती.

पुराण रचण्याचे निमित्त त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे. मुलांचे धर्मशिक्षण चालू असता एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाने पुढे होऊन विनंती केली, की हे प्रश्नोत्तरांचे शिक्षण उत्तम आहे, परंतु आमची जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्यासारखे काही प्रौढ व रसाळ आम्हांस का देत नाही? या विनंतीत तक्रार होती आणि भूकही होती. दुसऱ्या एखाद्याने हा उद्धटपणा मानिला असता. फादर स्टीफन्स यांनी मात्र तो प्रश्न रास्त मानून अनेक वर्षांच्या परिश्रमाने त्याचे उत्तर लिहून काढिले. तेच ख्रिस्तपुराण होय.

हा ग्रंथ सुमारे अकरा हजार ओव्यांचा आहे. त्याचे दोन भाग असून पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अध्याय आहेत. अध्यायास कवी अवस्वर म्हणतो. सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातील कथा पहिल्या भागात, तर येशू ख्रिस्ताचे जन्म, उपदेश, मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण दुसऱ्या भागात वर्णिले आहेत. ज्ञानेश्वरांनी व एकनाथांनी जो ओवीछंद घरोघरी नेला, तोच येथे योजिला आहे. पैठणचे नाथमहाराज १५९९ साली समाधिस्थ झाले, म्हणजे ते फादर स्टीफन्स यांचे समकालीनच. ग्रंथाची भाषा मराठी असून तीत कोंकणी शब्दांचे मिश्रण आहे. आरंभी कवीने रत्ने, फुले, पक्षी व वृक्ष यांच्या दृष्टान्तांनी मराठीचा जो गौरव केला आहे, तो मराठीच्या स्तुतिपर काव्यांत आजही अग्रस्थानी गणला जातो. तो गौरव करणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी होती, हे विशेष.

ग्रंथ तयार झाला, परंतु छापण्याची अडचण मोठी. गोव्यात हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली आला होता खरा, पण त्यात देशी लिपीचे खिळे नव्हते. देशी अक्षरांत पुस्तके निघावी ही फादर स्टीफन्स यांची फार दिवसांची इच्छा होती. त्यांनी १६०८ साली रोम येथील आपल्या संघप्रमुखांस पत्र लिहून ती कळविली. युरोपातील अक्षरांस २४ साचे पुरतात, तर येथे जोडाक्षरे धरून ६०० साचे लागतील, म्हणून हे काम अशक्य वाटते, असा हिशेबही त्यांनी त्यात मांडला. अखेर ते साधले नाही. १६१६ साली राशोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीतच छापून निघाले. इच्छा अपुरी राहिली म्हणून त्यांनी काम मात्र अपुरे ठेविले नाही.

आता रविवारचे रूप पालटले. मिस्सा व धर्मशिक्षण झाले, की ख्रिस्तमंदिरात पुराण गाइले जाऊ लागले. सणाच्या दिवशीही हाच क्रम असे. ज्यांस अक्षरओळख नव्हती तेही ऐकून ओव्या पाठ करीत. सहा दिवस शेतात, माडांत, समुद्रावर किंवा चुलीपाशी राबणाऱ्या माणसास सातव्या दिवशी आपल्या बोलीजवळचे, आपल्या छंदातले असे काही ऐकावयास मिळे, आणि तेच पुढचा आठवडाभर ओठांवर राही. ग्रंथाच्या १६४९ व १६५४ साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या, यावरून त्याची मागणी ध्यानात येईल.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यात निवर्तले. मायदेशी ते पुन्हा गेले नाहीत. त्यांचे कोंकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांच्या पश्चात १६२२ साली, आणि कोंकणी भाषेचे व्याकरण १६४० साली राशोल येथेच प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानी भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून या ग्रंथास मान आहे.

पुढे वारा फिरला. १६८४ साली गोव्याच्या सरकारने हुकूम काढिला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. अशा वातावरणात पुराणाची नवी आवृत्ती कोण काढणार? छापील प्रती एकामागून एक नाहीशा झाल्या. आज पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत उपलब्ध नाही. परंतु गोव्याहून मंगळुराकडे जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ग्रंथाच्या हस्तलिखित नकला करून जपून ठेविल्या. १७८४ साली टिपू सुलतानाने त्या लोकांस कैद करून श्रीरंगपट्टणास नेले, तेव्हा बंदिवासात याच ओव्यांनी त्यांस धीर दिला असे परंपरेने सांगतात. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे पुराणाची नवी आवृत्ती काढिली. पुढे १९२५ साली लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित सापडले. आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुणे येथे हा ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध केला. ज्या इच्छेस १६०८ साली ६०० साच्यांची अडचण आडवी आली होती, ती साडेतीनशे वर्षांनी सफळ झाली. गोव्यात पर्वरी येथील कोंकणी संशोधनसंस्थेसही फादर स्टीफन्स यांचेच नाव दिलेले आहे.

या चरित्रापासून काय घ्यावे? छापखाना, राजाश्रय व हुकूम ही साधने बलवान खरी. पण छापील प्रती नष्ट झाल्या, राज्येही गेली, आणि टिकले ते लोकांनी पाठ केलेले व हाताने उतरून घेतलेले शब्द. ते टिकले, कारण ते लोकांच्या भाषेत होते आणि दर आठवड्यास एकत्र बसून गाइलेले होते. ज्या समाजास असा एक सामाईक वेळ व सामाईक वाणी आहे, तो विपत्तीतही विखुरत नाही.

परभणी जिल्हा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेस अनुमती दिल्यापासून मराठी धर्मग्रामांत मिस्साही मराठीत होऊ लागली. फादर स्टीफन्स यांच्या श्रोत्यांस मिस्सा संपेपर्यंत आपल्या भाषेची वाट पाहावी लागे. आजच्या मुलांस ती पहिल्या शब्दापासून ऐकावयास मिळते. रविवारी वाचनपीठाशी उभे राहून शास्त्रपाठ वाचणाऱ्या विद्यार्थ्याने तो घाईने उरकू नये. शब्द स्पष्ट उच्चारावे, अर्थ मनात आणावा, आणि मागच्या बाकावरील वृद्ध आजीसही ते ऐकू जातील अशा आवाजात वाचावे. तीस वर्षांच्या वयात परकी भाषा मुळाक्षरांपासून शिकणाऱ्या त्या ओवीकाराचे याहून चांगले स्मारक आपल्या हातून होणे कठीण आहे.