शर्यतीची गाडी आणि स्टीव्ह मॅक्क्वीन

स्टीव्ह मॅक्क्वीनला जग ओळखते ते हॉलिवुडचा नट म्हणून. १९६३ चा 'द ग्रेट एस्केप' हा त्याचा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर एकच दृश्य येते : युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटलेला अमेरिकन अधिकारी मोटारसायकलवरून काटेरी तारांवर झेप घेतो. मला मात्र मॅक्क्वीन आवडतो तो वेगळ्या कारणाने. त्याच्याकडे शंभराहून अधिक मोटारसायकली होत्या, तरीही मातीतल्या शर्यतीला कोणती न्यायची हे त्याला नेमके ठाऊक होते. जुनी मोटोक्रॉसची गाडी घ्यायची आणि ती नुसती पुसून न ठेवता पळवायचीही, असे ज्याला वाटते त्याने त्याचे आयुष्य जरूर समजून घ्यावे.

त्याचा जन्म २४ मार्च १९३० रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात बीच ग्रोव्ह गावी झाला. तो तान्हा असतानाच वडील घर सोडून गेले. आई तरुण होती आणि दारूच्या आहारी गेलेली होती. त्यामुळे स्टीव्हचे बालपण मिसुरी राज्यातील स्लेटर गावी क्लॉड नावाच्या चुलत आजोबांच्या शेतावर गेले. लहानपणच्या आजाराने त्याला एका कानाने कमी ऐकू येई आणि वाचनही कष्टाने जमे. पुढे आईने पुन्हा लग्न केले व त्याला आपल्याकडे नेले. पण सावत्र वडिलांचा मार खाऊन तो रस्त्यावरच्या टोळक्यांत रमू लागला. शेवटी त्याला कॅलिफोर्नियात चिनो येथील बॉइज रिपब्लिक या संस्थेत ठेवण्यात आले. वाट चुकलेल्या मुलांसाठीचे ते निवासी केंद्र होते.

तिथूनही तो पळाला आणि पकडून परत आणला गेला. एकाने नियम मोडला तर सगळ्यांच्या सवलती जात, म्हणून इतर मुलांनी त्याला चांगलाच धडा शिकवला. ही पद्धत आम्हा कॅडेटांना समजावून सांगावी लागत नाही! पण हळूहळू तो तिथे रुळला आणि मुलांसाठी नियम ठरवणाऱ्या मंडळावर निवडूनही आला. या संस्थेला तो आयुष्यभर विसरला नाही. नट म्हणून नाव झाल्यावर तो चित्रपट कंपन्यांकडून जीन्स, दाढीची यंत्रे अशा वस्तू मोठ्या संख्येने मागून घेई. लोकांना तो हावरटपणा वाटे. त्या वस्तू बॉइज रिपब्लिकच्या मुलांना जात, हे पुढे कळले.

१९४७ मध्ये, सतराव्या वर्षी, तो अमेरिकेच्या मरीन दलात भरती झाला. तिथेही सुरुवात वाईटच झाली. शनिवार-रविवारची सुट्टी त्याने परस्पर दोन आठवड्यांपर्यंत लांबवली आणि त्याबद्दल ४१ दिवस कोठडीत काढले. त्यानंतर मात्र तो सुधारला. बर्फाळ प्रदेशातील एका सरावात रणगाडा बर्फ फुटून पाण्यात जाणार असताना त्याने आतल्या पाच साथीदारांना बाहेर काढले, असे त्याच्या चरित्रांत नोंदलेले आहे. १९५० मध्ये तो सन्मानाने सेवामुक्त झाला. इंजिन आणि यंत्रे यांची गोडी त्याला होतीच. न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिकांना मिळणाऱ्या मदतीवर अभिनय शिकताना तो शनिवार-रविवारी मोटारसायकलच्या शर्यतींत उतरे आणि बक्षिसाच्या पैशांवर खर्च भागवी.

कॅलिफोर्नियात त्याची गाठ बड एकिन्सशी पडली. एकिन्स वाळवंटातील शर्यतींचा नावाजलेला स्वार होता आणि त्याचे ट्रायम्फ गाड्यांचे दुकान होते. मॅक्क्वीन त्याच्याकडे शिकू लागला. त्या काळी अमेरिकेच्या वाळवंटात ब्रिटिश बनावटीच्या ट्रायम्फ टीआर-६ चे राज्य होते. ६५० सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन आणि वजन दीडशे किलोच्या वर. एकिन्स तिचे जादा सामान काढून टाकी, हँडल रुंद करी, इंजिनाखाली जाड पत्रा बसवी. लांबच लांब सपाट वाळूत ती तुफान पळे. 'द ग्रेट एस्केप'मधली गाडीही हीच ट्रायम्फ. तिला जर्मन लष्करी मोटारसायकलीचे रूप दिले होते. आणि तारांवरची ती प्रसिद्ध उडी एकिन्सने मारली होती. मॅक्क्वीनने हे जाहीरपणे सांगितले. आयते मिळणारे श्रेय त्याने घेतले नाही, म्हणून माझ्या मनात त्याचा मान वाढला.

खरी कसोटी लागली सप्टेंबर १९६४ मध्ये. पूर्व जर्मनीतील एरफुर्टला इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल ही सहा दिवसांची स्पर्धा भरली होती. एकिन्स, त्याचा भाऊ डेव्ह, क्लिफ कोलमन, जॉन स्टीन आणि मॅक्क्वीन अशा पाच जणांचा अमेरिकन संघ तिथे गेला. गाड्या त्यांनी इंग्लंडमधील मेरिडनच्या ट्रायम्फ कारखान्यातून घेतल्या. ध्वज हाती धरण्याचा मान मॅक्क्वीनला मिळाला. या स्पर्धेचा नियम मला फार आवडतो. गाडीच्या मुख्य भागांवर आधीच खुणा केलेल्या असतात. ते भाग बदलता येत नाहीत. दुरुस्ती स्वाराने स्वतःच्या हातांनी, वेळेच्या आत करायची. म्हणजे गाडी नुसती वेगवान असून चालत नाही. ती रोज संध्याकाळी धड परत यावी लागते आणि बिघडली तर आपल्याला उमगावी लागते.

पहिले दोन दिवस मॅक्क्वीनने चांगली गाडी चालवली. तिसऱ्या दिवशी तो पडला आणि गाडी पुढे नेण्याजोगी राहिली नाही. त्याच दिवशी बड एकिन्सचाही पाय मोडला. दोघेही ६५० सीसीच्या गाड्यांवर होते. डेव्ह एकिन्स आणि कोलमन मात्र सुवर्णपदक घेऊन परतले. अपघात कोणालाही होतो, त्यामुळे सगळा दोष वजनाला देता येणार नाही. पण ओल्या जंगलवाटेवर जड गाडी घसरू लागली की तिला सावरायला अंगात किती ताकद लागेल, याचा विचार करायलाच हवा.

दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, एडिसन डाय या व्यापाऱ्याने स्वीडनच्या हस्क्वार्ना गाड्या अमेरिकेत आणल्या. त्यांवर टॉर्स्टन हॉलमन हा जगज्जेता स्वार आपले कसब दाखवत असे. हस्क्वार्ना हा मुळात १६८९ पासूनचा बंदुकांचा कारखाना. सैनिकी शाळेच्या वाचकांना हे वाचून गंमत वाटेल. तिच्या मोटोक्रॉस गाडीचे इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक म्हणजे काय ते मला काकांच्या जुन्या येझदीमुळे कळले. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. व्हॉल्व्ह नाहीत, त्यांना हलवणाऱ्या दांड्या नाहीत. हेड आणि सिलिंडर काढले की पिस्टन समोर दिसतो. हलणारे भाग कमी, म्हणून वजन कमी आणि दुरुस्तीही सोपी.

मॅक्क्वीनने हस्क्वार्ना ४०० क्रॉस घेतली. ती साधारण एकशेदहा किलोची होती, म्हणजे ट्रायम्फपेक्षा चाळीस-पन्नास किलोंनी हलकी. ट्रायम्फवर त्याची इतकी वर्षे गेली होती, एरफुर्टला तो तिच्याच बळावर लढला होता. तरी त्याने शर्यतीसाठी गाडी बदलली. ट्रायम्फवरचे प्रेम त्याने टाकून दिले नाही. फक्त प्रेमाची गाडी आणि कामाची गाडी यांत गल्लत केली नाही. १९७० मध्ये एल्सिनोरच्या शर्यतीत तो हार्वे मशमन या खोट्या नावाने उतरला. नट म्हणून कोणी वाट मोकळी करून द्यावी, असे त्याला नको होते. शेकडो स्वारांत तो पहिल्या दहांत आला. ब्रूस ब्राउनच्या 'ऑन एनी संडे' या १९७१ च्या माहितीपटात तो माल्कम स्मिथ आणि मर्ट लॉविल यांच्यासोबत दिसतो. त्या चित्रपटाला पैसाही मॅक्क्वीनच्या कंपनीने पुरवला होता.

शेवटची वर्षे त्याने सँटा पॉला येथे जुन्या गाड्या आणि जुनी विमाने यांच्या सोबतीत घालवली. इंडियन नावाच्या अमेरिकन मोटारसायकली त्याला विशेष प्रिय होत्या. (नावावर जाऊ नका, आपल्या देशाशी त्यांचा संबंध नाही!) मग मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला. हा आजार बहुधा ॲस्बेस्टॉसमुळे होतो. मरीनमध्ये असताना शिक्षा म्हणून जहाजातील नळांवरचे ॲस्बेस्टॉस काढावे लागले, तिथूनच हे आले असावे, असे त्याला वाटे. ७ नोव्हेंबर १९८० रोजी मेक्सिकोत शस्त्रक्रियेनंतर त्याचे निधन झाले. वय अवघे ५० होते. १९८४ मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव लास व्हेगासला झाला आणि गाड्या घरोघर विखुरल्या.

आज अशा जुन्या गाड्यांच्या वेगळ्या शर्यती होतात. १९७४ च्या सुमारास लांब सस्पेन्शन आले आणि मोटोक्रॉस पार बदलून गेला. म्हणून अमेरिकेत जुन्या गटातील गाड्यांच्या पुढच्या चाकाला ७ इंच आणि मागच्याला ४ इंचच हालचालीची मुभा असते. पुढे कधी मला अशी गाडी घेता आली, तर मी आधी फ्रेमला हँडलजवळ तडा आहे का ते पाहीन, मग पिस्टन आणि रिंगा अजून मिळतात का याची चौकशी करीन. टाकीची चमक सगळ्यात शेवटी. लायसन्सचे वय अजून व्हायचे आहे आणि बाबांची परवानगी त्याहून लांब आहे, तेव्हा निवड करायला वेळ भरपूर आहे. माझे मत मात्र ठरले आहे. भिंतीजवळ उभी करून बघत बसायला ट्रायम्फ, आणि चिखलात न्यायला हस्क्वार्ना.