फादर स्टीफन्स आणि भाषांचे नाते

ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी वाङ्मयेतिहासातील स्थान निश्चित आहे. भारतीय व युरोपीय भाषांचे साम्य ओळखणाऱ्या आद्य निरीक्षकांतही त्यांची गणना करावी लागते. त्यांच्या चरित्राची ही बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली.

इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कॅथलिकांना स्वदेशी धर्माचरण कठीण झाले होते. १५७५ मध्ये रोम येथे ते जेजुइट संघात प्रविष्ट झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ते ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांचे वास्तव्य मुख्यतः सासष्टीत होते. धर्मप्रसाराच्या निमित्ताने त्यांनी कोकणी व मराठी आत्मसात केल्या.

१५८३ मध्ये बंधू रिचर्ड यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या प्रदेशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. त्याच दशकात फ्लॉरेन्सचे व्यापारी फिलिप्पो सास्सेती यांनी संस्कृत व इटालियन शब्दांतील साम्य टिपले. स्टीफन्स यांची दृष्टी सुट्या शब्दांपेक्षा रचनेकडे वळली, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

हा भेद महत्त्वाचा आहे. शब्दांचे साम्य योगायोगाने किंवा उसनवारीनेही संभवते. इंग्रजीतील 'पंडित' वा 'लूट' हे शब्द भारतातून तिकडे गेले. त्यांवरून भाषांचे कुल ठरत नाही. उलट पितृ व फादर, त्रि व थ्री, दंत व टूथ या जोड्यांत संस्कृत प, त, द यांच्या जागी इंग्रजीत अनुक्रमे फ, थ, ट हे ध्वनी नियमाने येतात. स्टीफन्स यांच्या नावामागील 'फादर' ही उपाधी त्याच नात्याची साक्ष देते. मात्र हा नियम याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये विस्ताराने मांडला. त्यापूर्वी १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात धातू व व्याकरणरूपे यांच्या आधारे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा समान उगम सुचविला होता. स्टीफन्स यांचे निरीक्षण खाजगी पत्रातच राहिल्याने या विचारपरंपरेस त्याचा उपयोग झाला नाही.

त्यांच्या भाषाभ्यासाचे फळ अन्यत्र दिसले. सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६१९ मध्ये त्यांचे गोव्यात निधन झाले. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी ग्रीक व लॅटिनच्या तोडीची रचना पाहिली, तीच भाषा राज्यकर्त्यांना अडसर वाटली. या पार्श्वभूमीवर त्यांच्या निरीक्षणाचे मोल केवळ भाषाशास्त्रापुरते मर्यादित राहत नाही.