विरामचिन्हांचे मेजर

राहून गेलेला स्वल्पविराम लाल शाईने मुद्रितात भरणाऱ्या मराठी मुद्रितशोधकाला मेजर टॉमस कँडी यांचे स्मरण होत असेल असे नाही. शब्द अडला की तो ज्या कोशाकडे हात नेतो, त्यालाही सर्वजण ‘मोल्सवर्थ’ एवढेच म्हणतात. वस्तुतः या दोन्ही साधनांमागे कँडी यांचे श्रम आहेत.

१८०४ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले कँडी आणि त्यांचे जुळे बंधू जॉर्ज कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन इकडे आले. लष्करात दुभाषाचे काम करता करता टॉमस मराठीत मुरले. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यात या दोघा भावांचे साहाय्य होते. शब्द वेचून देणाऱ्या एतद्देशीय शास्त्र्यांचेही होते, पण त्यांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत. पुढे मोल्सवर्थ मायदेशी परतले, तेव्हा त्यांनी आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनी नेटाने पुरा केला व १८४७ साली तो प्रसिद्ध झाला. १८५७ साली मराठी-इंग्रजी कोशाची सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती निघाली. शब्द संस्कृतातला की फारसीतला, कोकणातला की सर्वत्र चालणारा, याच्या खुणा तीत आढळतात. घरगुती बोलीला विद्वानांच्या भाषेइतकाच मान देणारा हा ग्रंथ संपादकाला आजही उपयोगी पडतो, तो याचमुळे.

विरामचिन्हांची कथा मात्र इतकी सरळ नाही. मोडी लिहिणारा कारकून दोन शब्दांमध्येसुद्धा जागा सोडीत नसे. पोथीत दंड असे, तोही मुख्यतः पद्यासाठी. वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्याने अर्थावरून ताडावे, हीच रीत. छापखाना आला, शाळा आल्या, आणि परक्या मजकुरापुढे एकटा बसलेला विद्यार्थी आला. त्याची अडचण कँडी यांनी ओळखली. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक १८५० साली निघाले आणि इंग्रजीतील चिन्हे मराठी गद्यात रुळू लागली.

चिन्हांबरोबर वाक्याचे वळणही आले, हा खरा वादाचा मुद्दा. कँडी सरकारचे मराठी भाषांतरकार होते. शालेय पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात व त्यांच्या लेखणीने दुरुस्त होत. एका परभाषी अधिकाऱ्याच्या कानाला जे शुद्ध वाटे, ते पिढ्यानुपिढ्यांनी शुद्ध मानावे, हे कितपत योग्य? शिस्त आली हे खरे. पण पोटवाक्यांची इंग्रजी गुंफणही पाठ्यपुस्तकांतून बोकाळली. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी या इंग्रजाळलेल्या मराठीवर कोरडे ओढले, ते रास्तच होते. तथापि चिपळूणकरांची स्वतःची ती ऐसपैस, डौलदार वाक्येही याच चिन्हांच्या आधाराने उभी आहेत, ही गंमत विसरता येत नाही. चिन्ह स्वीकारावे आणि वळण तपासून घ्यावे, हा विवेक त्यांनी प्रत्यक्ष लेखनात दाखविला. कचेरीतील परिपत्रके लिहिणाऱ्यांना तो अद्याप साधलेला नाही.

कँडी १८७७ साली महाबळेश्वर येथे निवर्तले. जवळजवळ शंभर वर्षांनी, १८५७ च्या त्या कोशाचे पुण्यात पुनर्मुद्रण झाले. ग्रंथालयात तो मागताना आजही मोल्सवर्थांचेच नाव घेतले जाते.