आळशी वायूंचे शोधकर्ते : सर विल्यम रॅम्झी

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत आर्गन वेल्डिंग हा रोजचा शब्द आहे. स्टेनलेस स्टीलच्या तापलेल्या सांध्याला हवेतील प्राणवायू लागू नये म्हणून सिलिंडरमधून जो वायू सोडतात, तो हवेत सुमारे ०.९३ टक्के असूनही १८९४ पर्यंत अज्ञात होता. त्याच्या शोधात ज्यांचा मोठा वाटा, ते सर विल्यम रॅम्झी २ ऑक्टोबर १८५२ रोजी ग्लासगोत जन्मले आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांपासून तयार केलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो, असे लॉर्ड रॅले यांना आढळले होते. प्रयोगातील चूक म्हणून सोडून द्यावी, एवढाच हा फरक. रॅम्झी यांनी तो सोडला नाही. तापवलेल्या मॅग्नेशियमवरून हा नायट्रोजन पुन:पुन्हा फिरवून त्यांनी तो शोषून घेतला. शेवटी थोडासा वायू उरला. तो कशाशीच संयोग पावेना. ग्रीक भाषेतील आळशी या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव आर्गन ठेवले गेले.

आवर्तसारणीत त्याला जागाच नव्हती. खुद्द मेंडेलीव्ह यांना तो तीन अणूंचा नायट्रोजन असावा, असे वाटले. मात्र या वायूतील ध्वनीच्या वेगावरून त्याचे अणू सुटे, एकेकटे असल्याचे दिसत होते. १८९५ मध्ये रॅम्झी यांनी खनिजातून हेलियम मिळवला आणि १८९८ मध्ये मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन शोधले. आवर्तसारणीला एक अख्खा गट मिळाला. १९०४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी १९००-०१ च्या हिवाळ्यात ते भारतात हिंडले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. ट्रॅव्हर्स हेच त्या संस्थेचे पहिले संचालक झाले. रॅम्झी यांचे निधन २३ जुलै १९१६ रोजी झाले.

नवे वायू ओळखण्यासाठी ते नळीतील वायूतून वीज सोडून वर्णपट तपासत. विजेने अणूतील एक इलेक्ट्रॉन निघाला की त्यावर धनप्रभार उरतो. हेच अणूंच्या पुंजक्यात घडले तर? १९८० च्या दशकात संशोधकांनी बारीक छिद्रातून आर्गन, झेनॉन निर्वात पोकळीत सोडून थंड केले, तेव्हा अणूंचे पुंजके बनले. त्यातील एक इलेक्ट्रॉन उडवल्यावर धनप्रभार साऱ्या अणूंत सारखा वाटला जात नाही. तो दोन-चार अणूंवरच एकवटतो. आर्गनमध्ये बहुधा तीन अणू एका रेषेत घट्ट जवळ येतात. (मेंडेलीव्ह यांच्या तीन अणूंशी याचा संबंध नाही; योगायोग मात्र गमतीचा.) प्रभार वाटून घेताना हे अणू एकमेकांना बांधले जातात, त्यातून ऊर्जा सुटते आणि तिच्या उष्णतेने कडेचे काही अणू निसटतात. बाकीचे उदासीन राहून या गाभ्याभोवती सैलसर चिकटून असतात.