एगास मोनिझ

अंतोनियो काएतानो दे आब्रेउ फ्रेइरे एगास मोनिझ (जन्म : २९ नोव्हेंबर १८७४, आव्हांका, पोर्तुगाल, मृत्यू : १३ डिसेंबर १९५५, लिस्बन) हे पोर्तुगीज मेंदूविकारतज्ज्ञ, राजकारणी आणि लेखक होते. जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत, म्हणजेच मेंदूची अँजिओग्राफी, त्यांनी १९२७ साली सिद्ध केली. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकृती कवटी न उघडता ओळखणे या पद्धतीमुळे शक्य झाले. १९४९ चे नोबेल पारितोषिक मात्र त्यांना या कामासाठी मिळाले नाही. ते मिळाले मानसिक रुग्णांच्या मेंदूवरील ल्युकोटॉमी या शस्त्रक्रियेसाठी, आणि ती शस्त्रक्रिया पुढे वैद्यकाने टाकून दिली.

जन्म, शिक्षण आणि राजकारण

मोनिझ यांचा जन्म उत्तर पोर्तुगालमधील एका जमीनदार घराण्यात झाला. बाराव्या शतकातील एगास मोनिझ या सरदाराशी आपल्या कुळाचे नाते असल्याची त्यांच्या काकांची श्रद्धा होती; त्यामुळे ते नाव त्यांना मिळाले. कोइंब्रा विद्यापीठातून १८९९ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते तेथेच शिकवू लागले. १९११ साली लिस्बन विद्यापीठात मेंदूविकारशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तरुणपणीच जडलेल्या संधिवाताने (गाउट) त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती.

या काळात त्यांचे बरेचसे लक्ष राजकारणाकडे होते. १९०३ पासून ते संसद सदस्य होते. १९०८ मध्ये सरकारविरोधी कटाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. पुढे ते स्पेनमधील राजदूत आणि १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व प्रारंभी त्यांच्याकडे होते. १९१९ नंतर ते सक्रिय राजकारणातून बाहेर पडले. अँजिओग्राफीचे काम त्यांनी हाती घेतले तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती.

आबे फारिया यांच्यावरील ग्रंथ

गोव्याच्या वाचकांना मोनिझ यांची ओळख वेगळ्या कारणाने असण्याचा संभव आहे. संमोहनशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक आबे फारिया (१७५६–१८१९) हे बार्देशातील कांदोळीचे. पॅरिसमध्ये त्यांची टवाळी झाली आणि मृत्यूनंतर ते विस्मृतीत गेले. संमोहननिद्रा ही प्रयोग करणाऱ्याच्या अंगातील कोणत्याही चुंबकशक्तीने येत नसून ती प्रयोगाला बसलेल्या व्यक्तीच्या मनातूनच उपजते, हा त्यांचा विचार काळाच्या पुढे होता. मोनिझ यांनी १९२५ मध्ये संमोहनाच्या इतिहासातील फारियांच्या स्थानावर ग्रंथ लिहून त्यांना त्यांचे श्रेय मिळवून देण्याचा प्रयत्न केला. पणजीतील फारियांचा प्रसिद्ध पुतळा त्यानंतर वीस वर्षांनी, १९४५ मध्ये उभारला गेला.

अँजिओग्राफीचा शोध

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला, तरी त्या चित्रात कवटीचे हाड दिसे, मेंदू दिसत नसे. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्रे घेतली. त्यांवरून गाठीची जागा अंदाजाने सांगता येई. ही पद्धत वेदनादायक होती आणि धोक्याचीही. क्ष-किरण अडवणारा द्रव रक्तात सोडला तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे जाळेच चित्रात उमटेल आणि ते कोठे सरकले आहे यावरून गाठ सापडेल, अशी मोनिझ यांची कल्पना होती.

ही कल्पना प्रत्यक्षात आणताना प्राणहानी झाली. प्राणी आणि मृतदेहांवर प्रयोग केल्यानंतर मोनिझ यांनी रुग्णांना स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडचे द्रावण टोचले. त्यात एक रुग्ण दगावला. त्यानंतर ते द्रावण सोडून त्यांनी २५ टक्के सोडियम आयोडाइड वापरले. आजारी हातांमुळे त्यांना स्वतः शस्त्र धरता येत नसे. मानेतील मोठी रोहिणी उघडी करून द्रावण सोडण्याचे काम त्यांचे तरुण सहकारी पेद्रो आल्मेडा लिमा करीत. २८ जून १९२७ रोजी लिस्बनच्या सांता मार्ता रुग्णालयात पोष ग्रंथीची गाठ असलेल्या एका तरुण रुग्णाच्या चित्रात मेंदूच्या रोहिण्या प्रथमच स्पष्ट दिसल्या. जुलैमध्ये पॅरिसच्या मेंदूविकारतज्ज्ञांपुढे ती चित्रे मांडण्यात आली.

द्रावण मेंदूतून काही सेकंदांतच निघून जाते. त्यामुळे एकाच चित्राचा उपयोग मर्यादित होता. परेरा काल्डास यांनी लागोपाठ अनेक चित्रे घेणारे उपकरण तयार केल्यावर रोहिण्या, केशवाहिन्या आणि नीला या क्रमाने वाहणारे रक्त टिपता येऊ लागले.

रक्तवाहिन्यांच्या विकृतींचे निदान

धमनी-नीला विकृतीत नेमका हाच क्रम बिघडलेला असतो. मधल्या केशवाहिन्या नसल्याने रोहिणीतील रक्त जोरदार दाबाने थेट नीलेत शिरते. पातळ भिंतीची नीला फुगते, आणि फुटल्यास मेंदूत रक्तस्राव होतो. काही रुग्णांना आधी वर्षानुवर्षे फेफरे किंवा डोकेदुखी असते. १९२८ मध्ये हार्वे कुशिंग व पर्सिव्हल बेली यांनी, तसेच स्वतंत्रपणे डँडी यांनी अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ही विकृती बहुधा कवटी उघडल्यावरच कळे. कळली तरी रक्तस्रावाच्या भीतीने शल्यविशारद माघार घेत.

अँजिओग्राफीत नीला वेळेआधी भरलेली दिसते आणि कोणत्या रोहिण्या त्या गुंत्याला रक्त पुरवतात तेही कळते. शस्त्रक्रियेआधी हाती नकाशा येऊ लागला. स्टॉकहोमचे हर्बर्ट ओलिव्हेक्रोना यांनी १९३२ मध्ये अशी विकृती संपूर्ण काढून टाकली आणि पुढे अनेक रुग्णांवर ही शस्त्रक्रिया केली. रोहिणीविस्फाराच्या, म्हणजे रोहिणीच्या भिंतीला आलेल्या फुग्याच्या, निदानालाही ही पद्धत उपयोगी पडली.

या यशाला एक गंभीर बाजू आहे. १९३१ पासून मोनिझ यांनी थोरोट्रास्ट हे द्रव्य वापरले. चित्रे सुरेख येत आणि रुग्णाला तत्काळ त्रासही होत नसे. परंतु त्यातील किरणोत्सारी थोरियम यकृत व प्लीहेत कायमचे साठून राही. अनेक देशांत वापरल्या गेलेल्या या द्रव्यामुळे पुढील दशकांत कित्येकांना यकृताचा कर्करोग झाल्याचे आढळले.

ल्युकोटॉमी आणि नोबेल पारितोषिक

नोव्हेंबर १९३५ मध्ये मोनिझ आणि लिमा यांनी मानसिक रुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातील मज्जातंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पहिल्या वीस रुग्णांवरील निष्कर्ष त्यांनी काही महिन्यांतच, पुरेसा काळ निरीक्षण न करता, प्रसिद्ध केले. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी तिचा बेसुमार प्रसार केला. हजारो रुग्णांच्या व्यक्तिमत्त्वाची कायमची हानी झाली. १९५० च्या दशकात मानसिक आजारांवरील औषधे आल्यानंतर ती मागे पडली.

अँजिओग्राफीसाठी मोनिझ यांचे नाव १९२८ आणि १९३३ मध्ये नोबेलसाठी सुचवले गेले होते, पण निवड झाली नाही. १९४९ चे पारितोषिक त्यांना स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर हेस यांच्यासह विभागून मिळाले. समारंभात त्यांच्या कार्याचा परिचय करून देणारे ओलिव्हेक्रोनाच होते. त्यांची स्वतःची शस्त्रक्रिया ज्या अँजिओग्राफीवर उभी होती, ती मात्र पारितोषिकाचे कारण ठरली नाही. हे पारितोषिक परत घ्यावे अशी मागणी ल्युकोटॉमी झालेल्यांच्या नातेवाइकांनी पुढे केली.

अखेरची वर्षे

१९३९ मध्ये एका मनोरुग्णाने मोनिझ यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यातून ते बचावले. १९४४ साली ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले. त्यांना आणि पत्नी एल्विरा यांना अपत्य नव्हते. आव्हांका येथील त्यांच्या घराचे १९६८ पासून संग्रहालय झाले आहे.

मानेची रोहिणी उघडी करण्याची गरज १९५३ मध्ये स्वेन सेल्डिंगर यांनी शोधलेल्या नळीच्या तंत्रामुळे उरली नाही. आता जांघेतून किंवा मनगटातून घातलेली बारीक नळी मेंदूच्या रोहिणीपर्यंत नेता येते. त्याच नळीतून विकृतीच्या गुंत्यात गोंदासारखे द्रव्य सोडून तो बंदही करता येतो.